अर्जीमास्तर आणि खालची ओळ

जगातले सगळे लोक कागदावर वरून लिहायला सुरुवात करतात. अर्जीमास्तर खालून करत. समोर माणूस येऊन बसला की ते कोरा कागद उतरत्या मेजावर सारखा करायचे, टाक दौतीत बुडवायचे आणि कागदाच्या अगदी तळाशी, उजव्या अंगाला, आधी लिहायचे 'अर्जदार', आणि त्याखाली त्या माणसाचं पूर्ण नाव. मग वर जाऊन बाकीचा मजकूर. "आधी माणूस, मग त्याचं म्हणणं," असं ते म्हणत. किती ओळी होतील याचा त्यांचा अंदाज इतका पक्का होता की मजकूर खालच्या नावाला कधी धडकला नाही. फक्त एकदा एका म्हातारीची भावकीतली तक्रार एवढी लांबली की शेवटचं वाक्य समासात उभं लिहावं लागलं. तेव्हा मास्तर तिला म्हणाले, "आजी, तुमच्या दिराने सरकारच्या समासावरसुद्धा अतिक्रमण केलं बघा." म्हातारीला ते कळलं नाही, पण मास्तर हसले म्हणून तीही हसली.

मी पनवेलच्या एका सरकारी कचेरीत बारनिशीला होतो. ती कोणती, ते आता सांगण्यात अर्थ नाही. बारनिशी म्हणजे येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा, वहीत उतरवून घ्यायचा आणि ज्याच्या त्याच्या टेबलाकडे धाडायचा. एवढ्या कामासाठी सरकारने मला खुर्ची, टेबल आणि एक खिडकी दिली होती. खिडकी आवारात उघडायची. तिच्यासमोर दहा-बारा पावलांवर करंजाचं झाड होतं आणि झाडाखाली मास्तर. सकाळी मी खुर्चीत बसलो की ते चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणत, "काय सरकार, आज किती कागद खाणार?" स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. माझं लग्न नुकतंच झालं होतं आणि जावई सरकारी नोकरीत आहे म्हणून सासरची मंडळी खुशीत होती. मीही होतो.

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. चष्मा, काळा कोट आणि हातात टाक एवढ्या भांडवलावर गावोगावच्या लोकांनी त्यांना मास्तर करून टाकलं होतं. आवारात फाटकाजवळ आणखी दोन-तीन अर्ज लिहिणारे बसत. त्यांचे अर्ज 'मायबाप सरकार' पासून सुरू होत आणि 'आपला आज्ञाधारक सेवक' इथे येऊन पाया पडत. तेव्हा ती रीतच होती. पाण्याच्या नळासाठी अर्ज करणारा असो, नाहीतर हरवलेल्या बैलाची वर्दी देणारा असो, शेवटी तो आज्ञाधारक असायचाच. मास्तरांनी तो शब्द कधी लिहिला नाही. "अर्ज करतो तो अर्जदार. त्याने कोणाची आज्ञा मानली म्हणून तो अर्ज करतोय का?" असं विचारायचे. एकदा म्हणाले, "इंग्रज गेला. सामानसुमान सगळं आवरून नेलं. ही एक ओळ मात्र इथेच विसरला."

आमच्या अव्वल कारकुनांना हे खपत नसे. कधी एखादा अर्ज ते 'शेवट योग्य नाही' असं म्हणून परत करत. मग मास्तर उठून आत येत. आवाज चढवणं त्यांना ठाऊक नव्हतं. ते टेबलासमोर उभे राहून विचारत, "कोणत्या नियमात आहे, तेवढं दाखवा. मी लिहून देतो." तसा नियम कुठेच नव्हता. अव्वल कारकून थोडा वेळ पुस्तकं चाळल्यासारखं करत आणि अर्ज ठेवून घेत. त्या दिवशी दुपारभर माझी मान उगाच ताठ असायची, जणू मीच काही करून दाखवलं होतं.

मास्तर मुंबईची नोकरी सोडून आले होते, हे गावाला माहीत होतं; का सोडून आले ते माहीत नव्हतं. मला त्यांनी ते एकदाच सांगितलं, कचेरीला सुट्टी असताना, बंदराकडे फिरायला गेलो तेव्हा. लढाईच्या दिवसांत ते फोर्टातल्या एका गोऱ्या कंपनीत पत्रलेखनाला होते. दिवसाला शंभर पत्रांखाली ते इंग्रजीत 'आज्ञाधारक' लिहीत. हाताला सवय झाली होती, मनाला नव्हती. एकदा दुसऱ्याच कोणाच्या हातून एक पत्र चुकीच्या पत्त्यावर गेलं आणि साहेबाने मास्तरांना माफीचं पत्र लिहायला सांगितलं. "लिहायला बसलो. सगळं लिहिलं. चूक माझी नव्हती, तरी तेही लिहून टाकलं. शेवटच्या ओळीवर आलो आणि हात थांबला. इतकी वर्षं लिहीत होतो, पण स्वतःच्या नावावर कधी लिहिलं नव्हतं ना. दहा मिनिटं बसून राहिलो. मग कागद तिथेच ठेवला, छत्री घेतली आणि निघालो." हे सांगताना त्यांच्या बोलण्यात फुशारकी अजिबात नव्हती. उलट घरी बायकोला, म्हणजे काकूंना, हे कसं सांगावं म्हणून आपण दारातून दोनदा कसे परत फिरलो, तेच त्यांनी जास्त रंगवून सांगितलं.

नोकरी सोडल्याचा त्यांना एकच ऐषआराम होता. भूक लागली की ते जेवत. आम्ही आत घड्याळाकडे डोळे लावून बसलेले असायचो आणि हे अकरालाच दौतीला बूच लावून डबा सोडत. कधी तीन वाजले तरी डबा तसाच. "घंटा वाजली की भूक लागते, ही तुमची सरकारी भूक," असं मला चिडवायचे. पण ते आळशी होते असं कोणी समजू नये. रविवारीसुद्धा ते झाडाखाली दिसत. बाहेरगावचा माणूस वाराची चौकशी करून येत नाही, असं त्यांचं म्हणणं. "नोकरदाराची हजेरी साहेब घेतो. मला साहेब नाही, मग माझी मलाच घ्यावी लागते, आणि मी फार कडक आहे," असं म्हणून ते स्वतःवरच हसायचे.

या सगळ्याची दुसरी बाजू मला काकूंनी दाखवली. मास्तरांचं घर गावात, दोन खोल्यांचं. एकदा काही कागद पोचवायला गेलो होतो. मास्तर यायचे होते. काकू सुपारी कातरत बसल्या होत्या. मी आपला नव्या उत्साहात म्हणालो, "काकू, मास्तरांसारखं स्वतंत्र राहायला धमक लागते." त्यांनी अडकित्ता थांबवला नाही. "ते स्वतंत्र आहेत हो," त्या म्हणाल्या. "घर नाही." मग त्यांनी मला पोहे दिले आणि माझ्या बायकोची चौकशी केली. त्या वाक्याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडला नसता. इतक्या वर्षांत त्या एकदाही मास्तरांच्या आड आल्या नाहीत, पण त्यांना काय सोसावं लागलं ते त्यांनाच ठाऊक.

पुढे ठाण्याच्या बाजूला कारखाने उभे राहू लागले आणि मास्तरांकडे नोकरीचे अर्ज लिहून घ्यायला रीघ लागली. खाडीकाठच्या खारीतली, मिठागरातली तरणी माणसं यायची. फाटकाजवळचे लेखक त्यांच्या अर्जात घरातली खाणारी तोंडं, आजारी आई, गरिबी, असं सगळं भरत. मास्तर पहिला प्रश्न विचारत, "काय येतं तुला?" आणि या प्रश्नापाशी बहुतेकांची गाडी अडायची. ओवे गावचा हिरू आला, तो दिवस मला अजून आठवतो. तीस-बत्तीस वर्षांचा, अंगाने भरलेला गडी, पण मास्तरांसमोर खाली मान घालून बसला होता.

"आमाला काय येनार मास्तर? आमी खारीतली मानसं. शाला पन नाय केली."

"खारीत काय करतोस?"

"बांध घालतो."

"कसा घालतोस, ते सांग."

हिरू आधी लाजला. मग सांगू लागला. चिखल कुठला घ्यायचा, ओहोटीला किती वेळ मिळतो, थर कसे थापायचे, पाणी आत-बाहेर सोडायचं दार, ज्याला ते उघाडी म्हणतात, ते कुठल्या अंगाला ठेवायचं. बोलता बोलता त्याची मान वर आली. हातांनी तो हवेतच बांध घालत होता. मास्तरांनी टाक खाली ठेवला होता आणि ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "तुझा बांध कधी फुटलाय?" हिरूला तो अपमानच वाटला. "माझा? नाय! आमचे बापाचा एकदा फुटला. माझा नाय." मास्तरांनी इंग्रजीत अर्ज लिहिला आणि त्याला मराठीत वाचून दाखवला: समुद्राचं पाणी अडवून धरणारा मातीचा बांध मी घालू शकतो. आजवर माझा बांध फुटलेला नाही. हिरूने ते दोनदा वाचायला लावलं. जाताना मला म्हणाला, "भाऊ, ह्या मीच का?" खाडीलगतची जमीन भरून कारखान्याचा पाया घालायचा होता, त्यामुळे त्याला खरोखरच काम मिळालं. मास्तरांना त्याने घरचे खेकडे आणून दिले. काकू ते खात नसत. मास्तरांनी ते खिडकीतून माझ्या हवाली केले.

तोच हिरू दोन-तीन वर्षांनी निळ्या कपड्यांत आला. रजेचा अर्ज हवा होता. मास्तरांनी खाली त्याचं नाव लिहिलं. तो म्हणाला, "मास्तर, तितं आज्ञाधारक लिवा. आमचे सायबाला त्या लागतंय. नायतर अर्जी फाडून टाकतो." मास्तरांनी विचारलं, "बांधाचं काम कसं चाललंय?" "बांध कवाच झाला. आता मशीनवर हाय. बटन दाबाचा." मास्तरांनी टाक खाली ठेवला. मग त्यांनी तो कागद बाजूला काढला आणि शांतपणे म्हणाले, "फाटकाजवळ जा बाबा. ते लिहून देतील." हिरू बिचारा गोंधळला. त्याचं काय चुकलं ते त्याला कळलं नाही, आणि खरं म्हणजे त्याचं काही चुकलंही नव्हतं. त्या दिवशी मास्तरांना अकराला भूक लागली नाही आणि तीनलाही लागली नाही. संध्याकाळी डबा तसाच घरी गेला.

त्यानंतर वर्षभरात आमच्याकडे नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, शिस्तीचा होता. आवारात बसणाऱ्या सर्व अर्जलेखकांनी जागेसाठी नव्याने अर्ज करावा, मंजुरी मिळेल त्यानेच बसावं, असा त्यांनी हुकूम काढला. फाटकाजवळच्यांनी लगेच अर्ज केले. मास्तरांनीही केला. त्यांचा अर्ज म्हणजे अडीच ओळी: मी या झाडाखाली वीस वर्षं अर्ज लिहितो. लोकांना माझी जागा माहीत आहे. ती मला चालू ठेवावी. खाली अर्जदार आणि नाव. नाव नेहमीप्रमाणे आधी लिहिलेलं. मजकूर इतका थोडा की मध्ये बोटभर कोरी जागा राहिली होती.

तो अर्ज मी अव्वल कारकुनांकडे नेला. त्यांनी चष्मा काढला आणि कागद माझ्याकडेच परत सरकवला. "साहेब याआधी जिथे होते, तिथे शेवटी 'आज्ञाधारक' नाही एवढ्यावरूनच त्यांनी एकाचा अर्ज फेटाळलाय. हा असा आत गेला तर उद्यापासून करंजाखाली बकऱ्या बसतील. तुमचं त्यांच्याशी सूत जमतं ना? दुपारपर्यंत काय ते बघा." मी खिडकीतून बाहेर पाहिलं. मास्तर एका बाईचा अर्ज लिहीत होते. त्यांना जाऊन सांगावं, हे मनात आलं. पण त्यांचं उत्तर मला त्यांच्याइतकंच ठाऊक होतं. मग काकूंचा अडकित्ता डोळ्यांसमोर आला. इतकी वर्षं त्यांच्या अक्षरातले हजारो कागद माझ्या हातांखालून गेले होते. मी टाक उचलला आणि त्या बोटभर कोऱ्या जागेत, त्यांच्यासारख्या वळणात, दोन शब्द लिहिले: आपला आज्ञाधारक.

मला वाटलं, कागद दप्तरात जाईल आणि मंजुरीचं काय ते तोंडी कळवलं जाईल. वर्षानुवर्षं तसंच चालत आलं होतं. कोणता कागद कुठून कुठे जातो, हे त्या कचेरीत माझ्याइतकं कोणालाही माहीत नव्हतं, आणि नेमका इथेच मी चुकलो. नव्या साहेबांची पद्धत निराळी होती. त्यांनी अर्जाच्या समासातच 'मंजूर' असा शेरा मारला, सही केली आणि तो कागद शिपायाबरोबर थेट मास्तरांकडे पाठवून दिला. शिपाई झाडाकडे चाललेला मला खिडकीतून दिसला. त्याच्या हातात काय आहे ते मी ओळखलं. हाक मारायला तोंड उघडलं, पण शिपायाला सांगणार काय होतो?

मास्तरांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा पुसून कागद डोळ्यांजवळ नेला. ते उठले आणि माझ्या खिडकीशी आले. इतक्या हळू बोलले की शेजारच्या टेबलावर ऐकू गेलं नाही.

"हा ज्ञ तुमचा आहे."

मी कागदाकडे पाहिलं. बाकीची सगळी अक्षरं मी त्यांची काढली होती. पण त्यांचा ज्ञ कधी माझ्या नजरेत भरला नव्हता. जो शब्द त्यांनी लिहिलाच नाही, त्यातलं अक्षर मी पाहणार कुठून?

"आत कोणाला माहीत आहे?"

"अव्वल कारकुनांना अंदाज असेल. साहेबांना नाही."

"तुमची नोकरी जाईल, ठाऊक आहे ना? दुसऱ्याच्या अर्जात लिहिलंत."

"मास्तर, जागा जाऊ नये म्हणून केलं. राहू द्या ना आता. कोण बघतंय?"

"आता या कागदावर मी उद्या इथे बसलो, तर तो शब्द माझा झाला, सरकार." त्यांनी 'सरकार' म्हटलं, पण त्यात नेहमीचं चिडवणं नव्हतं. ते झाडाखाली गेले, कोरा कागद घेतला. पुन्हा खालून सुरुवात केली. पाच मिनिटांत अर्ज माझ्या खिडकीत आला: सदर जागेची मला यापुढे गरज नाही. सबब दिलेली परवानगी रद्द व्हावी.

"हे खरं नाही, मास्तर," मी म्हणालो.

"नाही. पण खरं लिहायचं तर तुमचं नाव लिहावं लागेल. शिक्का मारा."

आयुष्यभर त्यांनी लोकांच्या अर्जात एकही खोटी ओळ लिहिली नव्हती. साक्षीदार वाढवून लिहा, नुकसान फुगवून लिहा, म्हणणाऱ्यांना त्यांनी उठवून लावलं होतं. त्यांनी लिहिलेला पहिला खोटा अर्ज त्यांचा स्वतःचा, आणि तो माझ्यासाठी. मी शिक्का मारला, तो वाकडा पडला. त्यांनी मेज उचललं, दौतीला बूच लावलं, चटई गुंडाळून काखेत घेतली. फाटकाजवळच्या लेखकांनी विचारलं तर म्हणाले, "कंटाळा आला."

बंदराच्या वाटेवर कासमभाईंचं दोरखंडाचं दुकान होतं. त्यांनी मास्तरांना ओटा दिला. "मास्तर, बिनधास्त बसा. ओटा रिकामाच आहे. तुमच्या कदमानं दुकानाला बरकत येईल," असं म्हणाले. मास्तर बसले, पण बदल्यात कासमभाईंच्या आफ्रिकेतल्या भावाला जाणारी पत्रं लिहून देईन, अशी अट घालूनच बसले. ती पत्रं लिहिणं एवढंच काम हळूहळू उरलं. कचेरीत येणारा माणूस फाटकाशीच अर्ज लिहून घ्यायचा. बंदराकडे वाकडी वाट कोण करणार? सुरुवातीला काहीजण करंजाखाली येऊन उभे राहत आणि माझ्या खिडकीत डोकावून विचारत, "अर्जीवाले मास्तर कुटं गेले?" मी पत्ता सांगायचो. काही जात, काही उशीर झाला म्हणून फाटकाकडे वळत. वर्षभरात कोणी विचारेनासं झालं. मास्तर मात्र रोज वेळेवर ओट्यावर जाऊन बसत. मी एकदा आडून पाहिलं. समोर कोणी नव्हतं. कोरा कागद मेजावर लावून ते रस्त्याकडे बघत होते.

मला ते पाहवेना. एका रात्री नव्हे, चांगल्या भर दुपारी, कचेरीच्याच टेबलावर बसून मी राजीनामा लिहिला आणि संध्याकाळी ओट्यावर जाऊन त्यांच्या हातात दिला. शेवटची ओळ मी लिहिली नव्हती. वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी तो सावकाश वाचला.

"हा कोणासाठी?"

"तुमच्यामुळे... तुमच्यासाठी म्हणा."

"मग खाली माझी सही हवी. माझ्यासाठी दिलेला राजीनामा तुमचा कसा?" त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. "नोकरी वाईट असते, असं मी कधी म्हटलं? आपण तिथे कशाला बसलोय, ते माणसाला ठाऊक असावं. तुम्ही कशाला बसता?"

"घर चालतं," मी म्हणालो.

"मग ते मान वर करून सांगा ना. त्यात लाजायचं काय? आणि ज्या दिवशी स्वतःसाठी राजीनामा लिहाल, त्या दिवशी घेऊन या. मी वाचून देईन."

तो दिवस आला नाही. राजीनामा मी घरी ट्रंकेत कपड्यांखाली ठेवला. पुढे कधीतरी घर बदलताना तो हरवला. मुलं झाली, बढती मिळाली, बारनिशीची खिडकी सुटून आतलं टेबल मिळालं. मास्तरांकडे जाणं कमी होत गेलं. कामाचं निमित्त सांगायचो. खरं म्हणजे त्यांच्यासमोर बसलं की मला माझंच तोंड बघवत नसे.

ते गेले त्या दिवशी कचेरीत वार्षिक तपासणी होती. वरचे साहेब आले होते. दहाच्या सुमाराला कासमभाई आवाराच्या कुंपणाशी येऊन उभे राहिले. मी बाहेर गेलो. त्यांचे डोळे लाल होते. "मास्तर गेले," ते म्हणाले. "पहाटे. तकलीफ नाही झाली. अकराला निघतायत." मी येतो म्हणालो आणि आत आलो. साहेबांसमोर वह्या मांडल्या होत्या आणि त्यांना एकामागून एक कागद मीच काढून द्यायचा होता. आता विचारावं, मग विचारावं, असं करत राहिलो. तोंडापर्यंत शब्द यायचे, तेवढ्यात साहेब पुढचा कागद मागायचे. अकरा वाजून गेल्यावर रस्त्यावरून आवाज आला. स्मशानाची वाट कचेरीवरूनच होती. फार माणसं नव्हती. खांदा द्यायला कासमभाई होते. शिपाई दारात जाऊन हात जोडून उभा राहिला. मी खुर्चीतून अर्धा उठलो. साहेबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही साहेब," आणि बसलो.

पंधरा दिवसांनी हिय्या करून काकूंकडे गेलो. त्या अंगणात बसल्या होत्या. मी पायरीवर टेकलो. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "त्या दिवशी तुम्ही दिसला नाहीत."

"तपासणी होती, काकू. साहेब आले होते."

"हो का?" त्या म्हणाल्या. "बरं केलंत उठला नाहीत ते. तुमची नोकरी राहावी म्हणून तर ह्यांनी ती जागा सोडली."

इतकी वर्षं मला वाटत होतं की ही गोष्ट फक्त आम्हा दोघांत आहे. काकूंना सगळं माहीत होतं, आणि तरी त्या माझ्या बायकोची चौकशी करत राहिल्या होत्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला घरी जाणं सोपं झालं असतं.